रडू येत नाही, एवढंच (कोकणातल्या कॅज्युल्टीतून)

आगरवाट · ११ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला दुसऱ्या वर्षात आहे. सध्या डीआरपीवर, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीवर. आता प्रत्येक पीजीला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. मला कोकणातलं एक सरकारी रुग्णालय मिळालं. माझं गाव तिथून तासाभरावर. घरचे खूश, लेक जवळ आली म्हणून. दीड महिन्यात दोनदा घरी गेलेय.

परवाची गोष्ट. सकाळी आठला ड्युटीवर चढले, उतरणार होते दुसऱ्या दिवशी दुपारी. आम्ही चौघंच, त्यातली एक तापाने झोपलेली. संध्याकाळी सातच्या सुमाराला नऊ वर्षांच्या एका मुलाला आणलं. पऱ्याला पाणी वाढलं होतं, त्यात गेला. वाडीतल्या माणसांनी काढला आणि पिकअपच्या हौद्यात घालून आणला. नाडी नव्हती. आम्ही पाऊण तास सीपीआर दिला. छाती दाबायची माझी वेळ आली तेव्हा त्याचा डावा हात माझ्या बाजूला होता. मनगटावर निळ्या बॉलपेनने घड्याळ काढलेलं. पट्टा, गोल तबकडी, दोन काटे. पाण्याने फिसकटलं होतं, तरी काटे ओळखू येत होते. सव्वाचार. मग मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली. ७ वाजून ४८ मिनिटं.

बाहेर जाऊन आईला सांगितलं. ती ओरडायला लागली. आणि माझ्या मनात आलं, हिचा आवाज जरा कमी झाला तर बरं, मागे पेशंट थांबलेत.

पाच मिनिटांत फुरसं चावलेली बाई आली. सड्यावर गुरांमागे गेली होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. २० मिनिटांची टेस्ट लावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची, २० मिनिटं तिला अजिबात हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय, एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू. त्या नळीसमोर मी स्टुलावर बसले. त्या दिवसात पहिल्यांदा बसले होते. आणि लक्षात आलं की मी मुलाचा विचार करतच नाहीये. डब्यातली भेंडी विटली असेल, असा विचार करतेय.

बाई वाचली. १० व्हायल गेल्या, सहा तासांनी परत टेस्ट केली तेव्हा रक्त गोठलं होतं. तिच्या नवऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. तेव्हाही आत काही हललं नाही. मुलाचं वाईट वाटलं नाही यापेक्षा, बाईचं बरं वाटलं नाही याची मला जास्त भीती वाटली.

मी आधी अशी नव्हते. पहिल्या वर्षी बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे. आता रडू येत नाही, एवढंच. काम बिनचूक चाललंय. विचारायचंय ते हे, की असं होतं का सगळ्यांचं? आणि गेलेलं परत येतं का?

---

रात्रपाळी · १२ जुलै, सकाळी ६:२०

बाळा, मी स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली, त्यातली ९ कॅज्युल्टीत. आत्ताच रात्र संपवून बसलेय. सविस्तर नंतर लिहिते. आधी एवढंच सांग, आज काही खाल्लंस का? आणि रूमवर तुझ्यासोबत कोणी आहे का?

---

आगरवाट · १२ जुलै, दुपारी २:०५

पेज खाल्ली, सिस्टर. रूममेट आहे. ठीक आहे मी.

---

घाटउतार · १२ जुलै, रात्री ९:१५

होतं. आणि परत येतं. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

मी इमर्जन्सी मेडिसिनमध्येच आहे, आता कन्सल्टंट म्हणून १० वर्षं झाली. मूळ गाव लांज्याकडे. तुझ्यासारखीच माझी अवस्था दुसऱ्या वर्षात झाली होती आणि मला वाटायचं आपल्यात काहीतरी कमी आहे. विचारायला सीनियरही फार नव्हते. आपली शाखाच नवी. एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली २००९ मध्ये. सर्जरी, मेडिसिनमध्ये तीन-चार पिढ्यांचे गुरू असतात. आपल्याला शिकवणारे बरेच जण स्वतः दुसऱ्या शाखेतून आलेले. शिस्त त्यांनी शिकवली, पण एक मृत्यू आणि पुढचा पेशंट यांच्यामध्ये काय करायचं ते कोणी शिकवलं नाही. ते त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

बाकी शाखांत आणि आपल्यात फरक हाच आहे असं माझं मत आहे. वॉर्डात पेशंट गेला तर त्याच्याशी चार दिवसांची ओळख असते, राऊंडला त्याची रिकामी कॉट दिसते, डॉक्टर त्यावर बोलतात. आपल्याकडे माणूस पाऊण तासात येतो आणि जातो, आणि त्याच कॉटवर पाच मिनिटांत फुरसं चावलेली बाई असते. त्या मुलासाठी तुला वेळ मिळाला नाही. तुझं मन मेलं असं तुला वाटतंय. माझ्या मते त्याने काम तुंबवून ठेवलंय.

आता तासांबद्दल, कारण तू ते एका वाक्यात उडवून लावलंस. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी दुपार म्हणजे २८-३० तास. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत ज्युनिअर रेसिडेंटने साधारण आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये असं लिहिलेलं आहे. २०२३ च्या पीजी नियमांत आकडा नाही, ‘वाजवी तास’ असा शब्द आहे, पण आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा तिथेही आहे. २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) मानसिक आरोग्याच्या टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास अशी शिफारस केली. तुझे किती भरतात ते एकदा कागदावर मांड. मी मांडले होते तेव्हा १०४ आले होते.

---

जांभा · १२ जुलै, रात्री १०:४०

मी ६८ वर्षांचा जनरल प्रॅक्टिशनर आहे, राजापूर तालुक्यात ४० वर्षं दवाखाना. मुलीचं लिहिणं वाचून वाईट वाटलं. पण वर तासांबद्दल जे आलंय त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही ३६-३६ तास केले. तक्रार म्हणून सांगत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचवाच्या पेशंटच्या उशाशी बसून राहिले, एकेक नोंद केली, म्हणून लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपाय जगाला कळला. ड्युटी संपली म्हणून ते उठून गेले असते तर? पेशंट कसा चढतो, कसा उतरतो हे सलग बघितल्याशिवाय समजत नाही.

दुसरं. मुंबईत १२ तासांचा रोटा लावता येईल. आमच्याकडे मंजूर जागा एक आणि भरलेली किती, ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही बारा तासांनी उठलात तर पुढच्या बारा तासांत पऱ्यातून काढलेल्या मुलाला कोण बघणार? १०८ गाडी त्याला घेऊन कुठे जाणार, कोल्हापूरला? घाटातून?

---

घाटउतार · १२ जुलै, रात्री ११:३०

जांभा सर, दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. जागा भरल्याशिवाय तो प्रश्न सुटणार नाही, आणि रिकाम्या जागांचा भार शिकाऊ पोरांच्या झोपेवर टाकून आपण तो वर्षानुवर्षं झाकत आलोय. पोरं ओढतायत तोवर जागा भरायची घाई कोणाला वाटेल?

पहिल्या मुद्द्यावर मात्र मोजमाप झालेलं आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं. २४ तासांना ते ०.१० च्या आसपास जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इंटर्नांच्या लांब ड्युट्या काढून टाकून बघितल्या. जुन्या रोट्यात गंभीर चुका ३६ टक्के जास्त निघाल्या. पेशंट सलग बघायला हवा हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते बघणारे डोळे उघडे असायला हवेत.

ड्युटी बदलताना चुका होतात, हेही कबूल. म्हणून हँडओव्हर कॉटपाशी उभं राहून, तोंडी आणि लेखी असा दोन्ही करायचा. ते शिकवता येतं.

---

जांभा · १३ जुलै, सकाळी ७:०५

रात्री विचार करत होतो. १९८४ साली हाऊसमनशिपच्या ड्युटीनंतर स्कूटरवरून घरी येताना परशुराम घाटात माझा डोळा लागला होता. कठड्याने वाचलो. बायकोलाही सांगितलं नाही, आज इथे लिहितोय. जागांचा मुद्दा मी सोडत नाही. पण सलग ३० तास योग्य होते असं आता म्हणणार नाही.

---

शिकाऊ_पहिलं · १३ जुलै, दुपारी १:१०

मी पहिल्या वर्षाला आहे, दुसऱ्या राज्यात. ताईंनी लिहिलंय ते माझंच आहे. पण बोलणार कोणाशी? सुट्टी मागितली तर ‘तुला ही ब्रांच झेपत नाही’ असं सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं. थिसिसवर सही त्यांचीच, परीक्षेलाही तेच. मानसोपचार ओपीडीत गेलो तर तिथे माझाच बॅचमेट बसलेला असतो. घरी सांगितलं तर आई म्हणते, ‘एवढी सीट मिळालीय, देवाची कृपा समज.’

---

ऐलतीर · १३ जुलै, रात्री १०:२५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, कोकणातच. शेवटच्या दोन ओळी वाचून लिहायला बसले.

आपल्याकडे कोणी जरा वेगळं वागला की ‘याला रत्नागिरीला न्या’ म्हणतात. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे एका शहराचं नावच टोमणा होऊन बसलंय. हा टोमणा ऐकत वाढलेली मुलंमुली डॉक्टर होतात, आणि स्वतःवर वेळ आली की त्याच शब्दाला घाबरतात. डॉक्टर माझ्याकडे येतात ते बहुतेक रात्री साडेनवाला, शेवटचा पेशंट गेल्यावर, मागच्या दाराने. येतात हे महत्त्वाचं, दार कोणतं का असेना.

आगरवाट, तू जे लिहिलंस त्याला नाव आहे. १९७४ मध्ये फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांबद्दल ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची पद्धत बसवली. त्यात तीन गोष्टी बघतात. मन थकून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होत जाणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. आईचा आवाज कमी व्हावा असं वाटलं, ती दुसरी गोष्ट. बाई वाचल्याचं काही वाटलं नाही, ती तिसरीच्या जवळ जाते. तुला हे भीतिदायक वाटलं म्हणजे ओल अजून आहे. विहिरीचा उपसा फार झाला की तळ दिसतो, झरे मात्र जागेवर असतात. पण पंप बंद करून पाणी चढायला वेळ द्यावा लागतो. पंप चालूच ठेवून ‘पाणी का चढत नाही’ विचारण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था आहे असं स्पष्ट केलं. म्हणून तुम्हाला कोणी प्राणायामाचं व्हिडिओ लेक्चर ठेवून हात झटकले तर ते पुरेसं नाही हे लक्षात असू द्या. प्राणायाम चांगलाच आहे, मी स्वतः करते. पण रोटा तोच ठेवून फक्त श्वासावर लक्ष द्यायला सांगणं मला पटत नाही.

एक फरक मात्र ओळखायला शिका. सुट्टी मिळाल्यावर दोन-चार दिवसांत खाण्यापिण्याची, माणसांची गोडी परत येत असेल, तर बहुधा थकवा आहे. सुट्टीतही काहीच नकोसं वाटत असेल, पहाटे तीनला जाग येत असेल, आपण नसलेलंच बरं असे विचार डोकावत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अशा वेळी एकटं राहू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलतात.

शिकाऊ_पहिलं, तुझ्या कॉलेजबाहेरच्या डॉक्टरकडे जा. दुसऱ्या शहरात, फोनवरून चालेल. तुझ्या सरांना कोणी कळवणार नाही, पेशंटचं गुपित राखायचं आमच्यावर बंधन आहे. आज रात्री मला इथे फक्त ‘आहे’ एवढं लिही.

---

शिकाऊ_पहिलं · १३ जुलै, रात्री ११:०२

आहे. उद्या फोन करतो.

---

तेरेखोल · १४ जुलै, सकाळी ९:३०

मी डॉक्टर नाही. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीत माझा धाकटा भाऊ मुंबईहून बाईकवरून येत होता. हायवेवर अपघात झाला. कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही. रात्री दीड वाजता एक तरुण डॉक्टर बाहेर आला, पॅसेजमध्ये उभ्या उभ्याच म्हणाला, ‘आम्ही प्रयत्न केले, नाही वाचले,’ आणि वळून आत गेला. दहा सेकंद झाले असतील. मी त्याच्या मागे धावलो, कॉलर पकडली. सोबतच्यांनी सोडवलं. तो काही बोलला नाही, माझ्याकडे बघतही नव्हता.

कॉलर पकडली ते चुकलं. त्याची लाज वाटते, आणि आज हे वाचून वाटलं की तोही तिसाव्या तासाला असेल. पण आमची बाजूही सांगतो. ते दहा सेकंद माझ्या आईला अजून पाठ आहेत. भाऊ शेवटी काही बोलला का, हे विचारायचं राहून गेलं. तुम्हाला मागे पेशंट असतात, खरं आहे. आम्हाला मात्र ती एकच वेळ असते.

---

रात्रपाळी · १४ जुलै, दुपारी ४:४५

तेरेखोल भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते तुम्ही इथे लिहिलंत हे फार बरं केलंत.

आता मी सविस्तर लिहिते म्हणाले होते ते. आमच्याकडे पेशंट गेला की मी आधी पडदा ओढते. एमएलसी (पोलीस केस) असेल तर नळ्या काढता येत नाहीत, पोस्टमॉर्टेम व्हायचं असतं. पण तोंड पुसता येतं. केस सारखे करता येतात. डोळे मिटवायचे, चादर छातीपर्यंत घ्यायची, हात बाहेर ठेवायचा, म्हणजे आईला तो धरता येतो. मग एक खुर्ची आणायची. नातेवाइकाला आधी बसवायचं, डॉक्टरनेही बसायचं. उभ्या माणसाशी बोललेलं कानात शिरत नाही. आणि ‘नाही वाचले’, ‘सीरियस आहे’ असं फिरवून बोलायचं नाही. नाव घेऊन ‘तो वारला’ असं स्पष्ट सांगायचं, आणि मग गप्प राहायचं. ही गप्प राहायची दोन मिनिटं सगळ्यात अवघड.

हे सगळं मी पेशंटसाठी करते असं मला वाटायचं. मग एकदा २०२१ च्या जुलैत, चिपळूणला पूर आला त्या आठवड्यात, इतकी धावपळ झाली की कोणाचे केस सारखे करायला वेळच मिळाला नाही. ड्युटी आटपून घरी आले आणि महिनाभर मला झोप लागली नाही. तेव्हा कळलं की ते मी माझ्यासाठीही करत होते.

आगरवाट, त्या मुलाचं घड्याळ तुला दिसलं. दगड झालेल्या माणसाला ते दिसत नाही गं.

---

घाटउतार · १४ जुलै, रात्री ८:५०

सिस्टरांनी लिहिलं त्याला जोडून. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका विद्यापीठ रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या नर्सने २००९ च्या सुमाराला एक पद्धत सुरू केली. मृत्यू जाहीर केल्यावर कोणीतरी एकाने म्हणायचं, हा कोणाचा तरी मुलगा होता, आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, मिनिटभर थांबू या. सगळे जागच्या जागी थांबतात. मग कामाला लागतात. आम्ही आमच्या विभागात हे करतो. पहिल्यांदा संकोच वाटला होता, वॉर्डबॉय आणि सफाईच्या मावशीही थांबल्या तेव्हा गेला.

आणखी दोन गोष्टी ज्या आम्हाला जमल्या. रोटा सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने पुढे सरकवायचा, उलटा नाही, शरीर त्याला लवकर सरावतं. आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान पाळीपाळीने २०-२५ मिनिटं पाठ टेकायची, फोन दुसऱ्याच्या हातात देऊन. ती वेळ शरीराची सगळ्यात पडती असते. चुकीचा डोस तेव्हाच भरला जातो.

---

बंदरावरून · १५ जुलै, रात्री १०:१०

गो बाय, तुझा लिवलेला वाचलंय आणि रात्री झोप इली नाय. माका मराठी नीट लिवूक जमणा नाय, समजान घे.

माझा चेडू पण डॉक्टर असा, तुझाच शिकता. लांब असा. घराक इला की बोलणा नाय. जेवता, झोपता, मोबाईल बघता. आमका वाटला शिकान मोठा झाला, आता आमच्याशी काय बोलतला. बायल म्हणता, त्येका आमची लाज वाटता. मी पण रागान बोललंय एकदा. आता तुझा वाचून वायच उमाजला.

शनिवारी ता येतला. त्येका काय इचारू, ता माका सांग.

---

आगरवाट · १६ जुलै, दुपारी ३:२०

काका, तुमका काय सांगू. तुमचा वाचला आणि रडू इला माका. खरंच आलं. आठ महिन्यांनी.

माझे बाबाही असेच आहेत, आगरात माडांना पाणी लावतात आणि फोनवर ‘बरी आसस मा?’ एवढंच विचारतात. मी ‘हो’ म्हणते आणि संपतं. म्हणून मला विचारलेलं काय आवडलं असतं, तेच तुम्हाला सांगते.

‘किती पेशंट वाचवलेस’ असं विचारू नका. जे वाचले नाहीत तेच आधी आठवतात. ‘काय झालं’ असंही नको, त्याचं उत्तर फार मोठं असतं म्हणून आम्ही ‘काही नाही’ म्हणतो. आली की पहिला दिवस झोपू दे. जेवायला उठवू नका, झाकून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी काहीतरी काम करता करता विचारा, समोरासमोर बसून नको. मासे साफ करताना, जाळं विणताना. ‘या महिन्यात तुझ्याकडे कोण कोण इला होता?’ असं विचारा. आम्हाला माणसं आठवतात, काका. आजाराचं नाव सांगितलं तर ‘म्हणजे काय’ विचारू नका, तो माणूस कुठला होता ते विचारा. आणि ती गप्प बसली तर बसू दे. उठून जाऊ नका, एवढंच.

---

तेरेखोल · १६ जुलै, संध्याकाळी ६:००

वाचतोय. आईलाही वाचून दाखवलं.

---

आगरवाट · २१ जुलै, रात्री ९:४०

थोडं कळवायचं होतं.

मी तास मांडले. गेल्या चार आठवड्यांचे ९८, १०१, ९४, १०६. आम्ही चौघांनी मिळून एक रोटा लिहिला, १२-१२ तासांचा, पुढे सरकणारा, प्रत्येकाला एक पूर्ण सुट्टी. चौथी तापातून उठल्यावरच तो बसतो, आणि कोणी आजारी पडलं की लगेच मोडतो, हे जांभा सरांचं बरोबर आहे. तरी इनचार्ज सरांकडे घेऊन गेलो. घाबरत गेलो होतो. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘ऑगस्टपासून करून बघा. गणपतीत जमणार नाही, तेव्हा सगळेच लागतात.’ गणपतीत आम्हीही नाही म्हणणार नव्हतो.

ऐलतीर मॅडम, मी तुमच्या क्षेत्रातल्या एकांशी बोललेय, फोनवर, दोनदा. तिसरी वेळ सोमवारी आहे.

काल रात्री एक आजोबा गेले. पोफळीवरून पडले होते, मान मोडली होती. सिस्टरनी पडदा ओढला, मी मिनिटभर थांबले, सगळे थांबले. बाहेर त्यांची सून होती. मी दोन स्टुलं नेली. एक नळीसमोर असतं तेच होतं. बसून सांगितलं. ती रडली, मी बसून राहिले. मागे पेशंट होते, इंटर्नने दहा मिनिटं सांभाळले. कोणाचंही काही बिघडलं नाही.

त्या मुलाच्या घरी जाऊ का, असं मनात येतंय. सिस्टर म्हणाल्या, आत्ता नको. महिनाभराने त्यांना विचारून जा, मी सोबत येते.

---

शिकाऊ_पहिलं · २१ जुलै, रात्री १०:१५

ताई, तो रोटा इथे टाकाल का?

---

आगरवाट · २१ जुलै, रात्री १०:१८

उद्या टाईप करून टाकते. आत्ता झोपते, सकाळची ड्युटी आहे.

---

बंदरावरून · २२ जुलै, सकाळी ८:३०

इचारलंय. पयल्यांदा ‘काय नाय’ म्हणाला. मगे काल बांगडे साफ करताना आपणच बोलूक लागला. तासभर बोलला. बाकीचा हय लिवणंय नाय.